मथुराबाईंनी फेकलेला डबा

मथुराबाईंबद्दल चार चांगले शब्द ऐकायचे असतील तर दुसरं घर गाठा. सोलापुरात त्यांचे भक्त पुष्कळ आहेत. मी त्या बाईसाठी सव्वीस वर्षं पायपेटी वाजवली, आणि एवढ्या काळात ‘बरं वाजवलंत’ एवढं त्यांच्या तोंडून निघालं नाही. मीही त्यांना ‘बरं गायलात’ म्हणालो नाही, म्हणजे फिटंफाट झाली.

माझं नाव सोमशेखर. नवी पेठेतल्या एका साडीच्या दुकानात दिवसभर गादीवर बसून साड्या उलगडायच्या आणि गिऱ्हाइकानं नाक मुरडलं की परत घड्या घालायच्या, हा माझा धंदा. संध्याकाळी मी नबीसाबच्या नाटक मंडळीचा पेटीवाला. नबीसाब गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. गिरणी बंद पडल्यावर रिकाम्या झालेल्या माणसांना गोळा करून त्यांनी मंडळी काढली आणि ‘चौथी पाळी’ नावाचं संगीत नाटक बसवलं. नाटक त्यांनी लिहिलं, चाली मी लावल्या. लोक ही दुसरी गोष्ट विसरतात, म्हणून पुन्हा सांगतो. चाली माझ्या आहेत.

नाटकाची गोष्ट साधी आहे. तुळसा नावाची बाई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला असते. गिरणीच्या तीन पाळ्या, आणि घरी गेल्यावर चूल, पाणी, पोरं ही तिची चौथी. तिचा नवरा एक दिवस न सांगता निघून जातो. शेवटी गिरणीही बंद पडते. भोंगा शेवटचा वाजतो आणि तुळसा हातात जेवणाचा डबा घेऊन बंद फाटकासमोर उभी राहते. तिथं शेवटचं पद आहे. त्या पदाच्या चालीसाठी आणि त्याच्या आधीच्या पेटीच्या तुकड्यासाठी मी जेवढा खपलो, तेवढा घर बांधतानाही खपलो नाही.

तुळसा करायच्या मथुराबाई. जन्म गिरणीच्या चाळीतला, आई खरोखरच वाइंडिंगला होती. नवरा ट्रकवर होता. तो एकदा होस्पेटला माल घेऊन गेला आणि तिकडंच दुसरा संसार मांडून बसला. बाईंनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, आणि दुसऱ्या कुणी काढलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पोटासाठी त्यांनी कडक भाकऱ्यांचा धंदा धरला. ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. हाताखाली ठेवलेल्या बायका मात्र महिनाभर टिकत नसत, कारण बाईंचं तोंड. भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला तर बाई तो उचलून स्वतःच्या कपाळाला लावत, आणि जिच्या हातून पडला तिचं कपाळ किती फुटकं आहे ते गल्लीला ऐकवत.

आमचं बिनसलं ते नाटक नवीन असताना. नबीसाबच्या वहीत शेवटच्या प्रवेशाला एवढंच लिहिलं होतं की तुळसा डबा उचलते, गाते आणि निघते. पहिले काही प्रयोग तसेच झाले. मग एका प्रयोगात भोंगा वाजला, मी पेटीचा तुकडा सुरू केला, आणि बाई कुणाला न विचारता फाटकासमोर खाली बसल्या. डबा उघडला. त्यातली भाकरी काढली, मोडली, अर्धी हातात ठेवली आणि अर्धी परत डब्यात ठेवून झाकण लावलं. ती अर्धी कुणासाठी हे प्रेक्षकांतल्या एकाही बाईला सांगावं लागलं नाही. आणि मग माझ्याकडं न बघता त्यांनी तळहात वर केला. भर प्रयोगात, मला, गप्प करण्यासाठी. मी थांबलो. बाई पेटीशिवाय, बसल्या जागी, शेजारणीशी बोलावं तशा हळू गायला लागल्या. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. प्रयोगानंतर मी नबीसाबकडं गेलो तर ते डोळे पुसत म्हणाले, लागलंय ते, आता हलवायचं न्हाय.

तेव्हापासून माझा तुकडा गेला तो गेला. पडदा पडताना दोन सूर तेवढे माझ्या वाट्याला उरले. संगीत नाटकात पद आवडलं की लोक वन्समोअर देतात आणि गाणारा ते पुन्हा म्हणतो. बाई बाकीच्या पदांना खुशीनं वन्समोअर घ्यायच्या. या पदाला कधीच घेतला नाही. एकदा रडले, परत कशाला, म्हणायच्या. माझ्या मनात यायचं, तुम्ही रडता हो, पण माझा तुकडा एकदा तरी वाजू द्या.

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून ऋतुराज नावाचा सिनेमा दिग्दर्शक आला. पांढरे बूट घातलेला, बोलताना स्वतःच्याच दाढीला कुरवाळणारा. त्यानं प्रयोग बघितला आणि मागं येऊन बाईंच्या पायावर डोकं ठेवलं. ‘चौथी पाळी’वर सिनेमा काढतो म्हणाला. बाईंनी त्याच क्षणी ठरवलं की सिनेमातली तुळसा त्याच. कुणी तसं बोललं नव्हतं. पण नाटकात तीस वर्षांची बाई साठीच्या बाईनं केलेली चालते, मागच्या रांगेतल्या माणसाला सुरकुत्या दिसत नाहीत, त्याला आवाज दिसतो. आमच्या मंडळीत कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. बाई दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आल्या, आयुष्यात पहिल्यांदा. मुहूर्ताला नेसायला साडी हवी म्हणाल्या. मला निम्मं दुकान उलगडायला लावलं आणि, ह्यातली एकबी बरी न्हाय, म्हणून उठून गेल्या. घड्या घालत असताना मी देवाकडं काय मागितलं ते सांगत नाही.

देवानं ऐकलं. स्टेशनजवळच्या एका लॉजच्या हॉलमध्ये ऋतुराजनं बाईंची कॅमेऱ्यासमोर चाचणी घेतली. पेटीसाठी मला बोलावलं होतं म्हणून मी होतो. बाई घरूनच तोंड रंगवून आल्या होत्या, नाटकासारखं, थापून. कॅमेरा हाताच्या अंतरावर आणि बाईंचा आवाज बाल्कनीसाठी लावलेला. नंतर ऋतुराजनं त्यांना समोर बसवून ते पडद्यावर दाखवलं. गालावरची पावडर भेगाळलेली, मानेवरच्या शिरा टरारलेल्या, डोळे वटारलेले. बाई बघत राहिल्या. ऋतुराज फार गोड आवाजात म्हणाला की रंगमंचावर तुम्ही तिशीच्या दिसता, कॅमेरा तेवढा दयाळू नाही, तर तुळसासाठी अंकिताला घेतलंय, तुमच्यासाठी सासूचा छान प्रसंग ठेवलाय. अंकिता म्हणजे तेव्हा दोन सिनेमे गाजलेली नटी. बाई पदर खोचून उठल्या.

“सासू करायला तुमच्या आईला बोलवा,” म्हणाल्या आणि लॉजचा जिना उतरून गेल्या.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? ज्या बाईनं मला तळहात दाखवून गप्प केलं, तिला कुणीतरी गप्प केलं होतं.

पण गोष्ट तिथं संपली नाही. नबीसाबनी सिनेमावाल्यांना शब्द दिला होता की अंकिता प्रयोग बघायला येईल आणि बाई तिला तुळसा शिकवतील. आता हे बाईंना सांगायचं कुणी, यावर मंडळीत आठवडाभर खल झाला. शेवटी नबीसाब स्वतः गेले, दारातूनच बोलून पळायच्या तयारीनं. बाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, येऊ दे की पोरगी, शिकवते. नबीसाब परत आले ते बाईंच्या मोठ्या मनाचे गोडवे गात. मला मात्र धडकी भरली. या बाई गोड बोलल्या की कुणाचं तरी वाटोळं ठरलेलं असतं.

अंकिता आली त्या प्रयोगाला पहिली रांग सिनेमावाल्यांनी भरली होती. नाटक नेहमीसारखं रंगलं. शेवटचा प्रवेश आला. नबीसाबनी विंगेत हातानं फिरवायचा भोंगा फिरवला. मी सवयीनं हात मांडीवर घेऊन बसलो. बाई फाटकासमोर आल्या, थांबल्या, खाली माझ्याकडं बघितलं आणि भुवई उडवली. वाजवा. मला आधी खरंच वाटलं नाही. मग पाय आपोआप भात्यावर पडले. इतकी वर्षं कुजत पडलेला तुकडा मी असा वाजवला की थिएटरच्या पत्र्यांनी ऐकावा. आणि तो टिपेला पोचला तेव्हा बाईंनी डबा गरगर फिरवून फाटकावर फेकला. झाकण एकीकडं, भाकरी एकीकडं. मग ऊर बडवून त्या जमिनीवर लोळल्या आणि पद किंचाळून म्हणाल्या.

पहिल्या रांगेत अंकिता रडत होती. मागं मात्र कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, भाकरी फेकली की गं हिनं. एक बाई पोराला कडेवर घेऊन उठून गेली. टाळ्या पडल्या त्याही जेवताना खडा लागल्यासारख्या, अडखळत.

प्रयोगानंतर मी विंगेत गेलो तेव्हा बाई रंगमंचावर एकट्याच गुडघ्यावर बसून भाकरीचे तुकडे गोळा करत होत्या. एकेक तुकडा कपाळाला लावून पदरात टाकत होत्या. मी विचारलं हे काय काढलंत. त्यांनी मान वर केली नाही.

“तिला ह्येच शिकवनार मी,” त्या म्हणाल्या. “सिनेमात तिला भाकरी फेकू दे. आपली मान्सं अन्न फेकल्यालं बघून घेत न्हाईत, सोमशेखर. अख्खं थेटर थुंकंल तिच्यावर. आन माजी अर्दी भाकरी माज्यापाशीच ऱ्हाईल. ती कुनाला द्यायची न्हाय मला.”

मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “आन तुमी गप बसा. पेटी वाजवायला मिळाली न्हवं?”

मी गप्प बसलो. का बसू नये? ऋतुराजला मी काय नोकर होतो? आणि बाईंसाठी तरी मी काय म्हणून तोंड उघडावं? शिवाय पेटी वाजवायला मिळाली होती, हे खरंच होतं.

ऋतुराज जरा घुटमळला. मागच्या वेळी वेगळं होतं, तुम्ही खाली बसला होतात, असं म्हणाला. बाईंनी त्याला सांगितलं की त्या दिवशी घसा बसला होता म्हणून कसंबसं उरकलं, खरा प्रवेश हाच. त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. म्हणाला, मला पण तेच वाटत होतं, शेवट फारच शांत होता, हा पडद्यावर काय दिसेल. मग माझ्याकडं वळून त्यानं तो तुकडा पुन्हा वाजवायला लावला आणि मोबाइलमध्ये घेतला.

पुढचे चार महिने बाईंनी गावात जे सोसलं ते मी बघत होतो. सिनेमावाल्यांतलं कुणी ना कुणी प्रयोगाला असायचंच, त्यामुळं डबा दर वेळी फेकावा लागायचा. दुकानात येणाऱ्या बायका मला विचारायच्या, मथुराबाईंचं डोकं फिरलंय का हो. म्हाताऱ्या झाल्या, आता थांबावं, असं जुनी जाणती माणसं तोंडावर म्हणाली. त्यांच्या कडक भाकऱ्या नेणाऱ्या एकीनं, भाकरी फेकणारीच्या हातची भाकरी नको, म्हणून नेणं बंद केलं. एरवी कुणी असं म्हटलं असतं तर बाईंनी चाळ डोक्यावर घेतली असती. आता नुसतं बघायच्या आणि पिठात हात घालायच्या. सूड म्हणून माणूस स्वतःच्या घराला किती आग लावून घेतो, हे मला तेव्हा कळलं.

अंकिता त्यांच्या घरी शिकायला यायची. तालमीला पेटी हवी म्हणून मलाही दुकानातून लवकर सुटून जावं लागायचं. पोरगी कष्टाळू होती, हे कबूल करतो, जरी तिचं ऊठसूट पाया पडणं मला आवडायचं नाही. डबा कसा धरायचा, मनगट कुठं वळवायचं, झाकण सुटावं म्हणून कडी आधी कशी सैल करायची, सगळं बाईंनी तिला मन लावून शिकवलं. एका दुपारी फेकलेला डबा उचलून आणता आणता ती मधेच थांबली.

“बाई, एक विचारू? ती दिवसभर उपाशी आहे ना? मग भाकरी फेकेल कशी?” ती म्हणाली. “मला फेकताना दर वेळी हात जड होतो. ती खाईल असं वाटतं. नाहीतर कुणासाठी तरी ठेवेल.”

मी पेटीवरून मान वर केली. बाई तिच्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर मी कधी बघितलं नव्हतं असं काहीतरी आलं. मला वाटलं आता सांगतील. घरात दुसरं कुणी नव्हतं, बाईंची झाकली मूठ त्या पोरीनं अर्धी उघडलीच होती, आता उरलेलं बाईंनी सांगायचं तेवढं बाकी होतं. चुलीवरचा तवा तापून धुरायला लागला.

“राग आला की भूक मरती,” बाई म्हणाल्या. “तुला अजून राग म्हाईत न्हाय. फेक परत.”

पोरीनं पाया पडून परत फेकला.

सिनेमा लागला तेव्हा नबीसाबनी सगळ्या मंडळीला दुपारच्या खेळाला नेलं. बाई माझ्या पुढच्या रांगेत होत्या, पाठ ताठ करून. मला कळत होतं त्या कशाची वाट बघतायत. थिएटर गच्च होतं, सगळं सोलापूरच होतं, भाकरीवर वाढलेली माणसं. शेवट आला. भोंगा वाजला. माझा तुकडा सुरू झाला, पण पेटीवर नाही. शंभर व्हायोलिनं, ढोल, काय काय. अंकितानं डबा फेकला आणि तो हळूहळू, उन्हात चमकत, हवेत फिरत राहिला. भाकरी त्यातून निघाली आणि तरंगली. आता लोक चुकचुकतील म्हणून मी कान टवकारले.

शिट्ट्या पडल्या. माझ्या शेजारची बाई हुंदके देत टाळ्या वाजवत होती. मागून कुणीतरी, फेक, फेक त्यांच्या टाळक्यात, म्हणून ओरडलं. बाईंची पाठ तशीच ताठ होती. फक्त मान एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं वळली, आपल्याच गल्लीत रस्ता चुकल्यासारखी. दिवे लागायच्या आधी त्या उठून गेल्या. मी मात्र शेवटपर्यंत बसलो. संगीतकार म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव आलं, आणि खाली बारीक अक्षरांत मूळ चाल सोमशेखर असं लिहिलं होतं. बरोबर आलेल्या माझ्या बायकोनं वाचायच्या आत ते निघून गेलं.

त्यानंतर दोन महिने जगात दुसरं काही नव्हतं. शाळेची पोरं, कॉलेजच्या पोरी, कचेरीतले साहेब, सगळे त्या गाण्यावर डबे फेकून मोबाइलवर व्हिडिओ टाकत होते. नवी पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात ‘तुळसा डबा’ अशी पाटी लागली. आणि ‘चौथी पाळी’ला टेंभुर्णीपासून अक्कलकोटपर्यंत बोलावणी यायला लागली, जिथं आधी सतरंजी भरायची मारामार होती. बाईंनी सगळीकडं नाही म्हणून सांगितलं. तब्येत बरी नाही म्हणाल्या. सोलापूरच्या एका प्रयोगाला मात्र हो म्हणाल्या, आणि नबीसाबना बजावलं की मी माझं जुनं करणार. नबीसाबनी हात जोडले. लोक पिक्चरमधलं मागतील, एवढा एक प्रयोग तसं करा, म्हणून विनवलं. बाई म्हणाल्या, ह्या गावानं माझी अर्धी भाकरी बघितलीय, ते विसरलं नसंल.

प्रयोगाला पाय ठेवायला जागा नव्हती. नाटक चालू असताना निम्मे लोक मोबाइल तयार ठेवून शेवटाची वाट बघत बसले होते. शेवटी भोंगा वाजला आणि शिट्ट्यांत बुडाला. बाई डबा घेऊन फाटकासमोर आल्या. सगळे मोबाइल वर झाले. बाई खाली बसल्या. डबा उघडला, भाकरी मोडली, अर्धी ठेवली, झाकण लावलं, आणि माझ्याकडं न बघता तळहात वर केला.

त्या गायला लागल्या. आवाज तोच होता, हे मी शत्रू असून सांगतो. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत मागून कुणीतरी हसलं. मग एकजण म्हणाला, डबा फेका की. मग चारजण. बायकासुद्धा. बाई गात राहिल्या, हात तसाच वर. मग बाल्कनीतून ओरड आली, पेटी, पेटी वाजवा, आणि सगळं थिएटर टाळ्यांच्या ठेक्यावर पेटी मागायला लागलं.

सोलापुरात पेटी मागणारी माणसं आहेत हे मला आयुष्यात त्या दिवशी कळलं. ते माझी चाल मागत होते. समोर बाईंचा तळहात होता, त्यावरचे तव्याचे डाग मला खालून दिसत होते. मी वाजवली. दोन्ही पायांनी भाता मारून वाजवली. यात माझं काय चुकलं ते कुणी मला सांगावं.

थिएटर डोक्यावर उचललं गेलं. बाईंचं गाणं मधेच तुटलं. त्यांनी तळहात खाली घेतला आणि मला वाटलं, आता फेकतात. त्या उठल्या. डबा दोन्ही हातांत धरून रंगमंचाच्या कडेच्या पायऱ्या उतरल्या, माझ्यापाशी आल्या आणि डबा पेटीवर ठेवला. माझी बोटं सुरांवरच होती.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “ऱ्हायल्यालं तुमीच म्हना.”

आणि तुळसाच्या लुगड्यात, मधल्या वाटेनं, लोकांमधून चालत बाहेर निघून गेल्या. लोकांना वाटलं हा नाटकाचा नवा शेवट आहे. सगळे उभे राहिले. त्या जाईपर्यंत टाळ्या वाजत होत्या, मोबाइल त्यांच्या पाठीमागं वळत होते, आणि दार बंद झाल्यावर वन्समोअर सुरू झाला. नबीसाब विंगेत पडद्याची दोरी धरून माझ्याकडं बघत होते. बाई परत आल्या नाहीत. त्या दिवशीही नाही आणि त्यानंतर कधीही नाही. अजून भाकऱ्या करतात, अजून शिव्या देतात, मी गल्लीत दिसलो की दार लावून घेतात.

त्या दिवशी दार बंद झाल्यावर मी वाजवायचं थांबवलं आणि डबा उघडला. आत ती अर्धी भाकरी होती, सकाळी त्यांनीच केलेली. मनात आलं, फेकावी फाटकावर, यांना हवंच आहे, आणि हिशेबही मिटेल. डब्यात हात घातला, भाकरी उचलली, आणि हात तिथून पुढं जाईना. कितीही म्हटलं तरी जाईना. मग मी ती कपाळाला लावली आणि तिथंच पेटीसमोर बसून खाल्ली, लोक वन्समोअर मागत असताना. भाकरी चांगली झाली होती. ते मी त्यांना सांगितलेलं नाही.